आधी अंगाला कळते, मग मनाला

उसाला रात्रीचे पाणी देणाऱ्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. वीज रात्रीची असते. हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरे घेऊन तुम्ही बांधावरून दारे धरायला निघालेले असता. एवढ्यात पायाजवळ काहीतरी वेटोळे घालून पडलेले दिसते. अंग झटक्यात मागे येते, छाती धडधडू लागते, खोऱ्याचा दांडा घट्ट धरला जातो. मग बॅटरी नीट रोखून पाहावे, तर ठिबकच्या नळीचा तुकडा! आपले आपल्यालाच हसू येते आणि आपण पुढे चालू लागतो.

पण यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. उडी आधी पडली, आणि ‘साप’ हा शब्द मनात नंतर आला. असे का होते? सोप्या शब्दांत सांगायचे तर डोळ्यांनी टिपलेले मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट जवळची पण कच्ची. ती मेंदूच्या आत बदामाच्या आकाराची एक गाठ असते तिथे पोचते, आणि ही गाठ क्षणात अंगाला हुकूम सोडते. दुसरी वाट लांबची पण पक्की. त्या वाटेने गेलेले नीट तपासले जाते, आणि मगच ‘अरे, ही तर नळी’ असा निकाल येतो. निकाल येईपर्यंत अंग मोकळे झालेले असते.

निसर्गाने हा व्यवहार फार हिशेबाने केला आहे. नळीला साप समजलो तर एक उडी फुकट गेली. सापाला नळी समजलो तर जीव गेला. म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती पहिल्या बाजूने व्हावी, अशी अंगाची घडण आहे.

आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानांत हे कशाला? तर ज्यांच्याविषयी मला बोलायचे आहे तो माणूस तुमच्या-आमच्या घरातला आहे. महाराष्ट्रात फौजेची परंपरा नाही असा तालुका शोधावा लागेल. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. शेतकऱ्याचा मुलगा भरती होतो, काही वर्षे नोकरी करतो आणि पुन्हा शेतावर येतो. तिकडे त्याच्या डोळ्यांनी आणि कानांनी काय शिकून घेतले हे घरच्यांना ठाऊक नसते. मग गैरसमज होतात, आणि गैरसमजात घरे होरपळतात. ते टळावे म्हणून हे लिहीत आहे.

बांधावरची ती उडी एका क्षणाची. आघाडीवरच्या सैनिकाला हाच अनुभव दिवसामागून दिवस येतो, आणि त्याच्या वाटेवरचे वेटोळे बहुतेक वेळा खरोखरचा साप असते. अशा वेळी अंगात काय घडते ते वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात मांडले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. धोका दिसला की त्यांतून एक रस रक्तात मिसळतो. त्याला ॲड्रेनॅलिन म्हणतात. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, पोटाकडचे रक्त हातापायांकडे वळते, तोंडाला कोरड पडते. लढायचे किंवा पळायचे, दोन्हींची तयारी एकाच वेळी होते. काही वेळा तिसरेच घडते. बॅटरीच्या झोतात सापडलेला ससा जसा जागीच थिजतो, तसा धडधाकट जवानही पळभर थिजतो. तो घाबरट आहे म्हणून नव्हे. ही सवय सगळ्याच जिवांच्या अंगात मुरलेली आहे.

या अवस्थेत पाहणे आणि ऐकणेही बदलते. घाण्याच्या बैलाला झापड लावावी तसे होते. धोका जिथे असेल तेवढेच दिसते, आजूबाजूचे दिसतच नाही. शेजारी बंदूक उडाली तरी तिचा आवाज दबका वाटतो. कुणाला एक मिनिट तासासारखे वाटते, तर कुणाला तासाभराची चकमक मागाहून नीट आठवतही नाही. एकाच खंदकातले दोघे दोन वेगळ्या हकिकती सांगतात, आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

हातांचेही तसेच. धावणे, उचलणे, ढकलणे या जाड कामांना बळ येते, पण बोटांची बारीक कामे बिघडतात. काडेपेटीतली काडी निघत नाही, बटण सापडत नाही. म्हणूनच फौजेत रायफल उघडणे आणि जोडणे डोळ्यांवर पट्टी बांधूनही करवून घेतात. लोकांना ही कवायत म्हणजे शिस्तीचा सोस वाटतो. पण म्हैस पिळणारी बाई जशी न बघता धार काढते, तसे काम हातात मुरावे लागते. मन गोंधळले तरी हात गोंधळत नाही, हा त्या कवायतीचा हेतू.

धोका नसतानाही मनात धोका भरलेला असला तर काय होते, त्याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. उत्तर पॅसिफिक महासागरात, अलास्काच्या बाजूला किस्का नावाचे बेट आहे. जपान्यांनी ते १९४२ साली घेतले होते. १५ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकन आणि कॅनेडियन फौजा ते परत घ्यायला उतरल्या. फौज तीस हजारांहून मोठी होती आणि धुके दाट होते. गंमत अशी की जपानी सैनिक जुलैअखेरीसच धुक्याचा फायदा घेऊन गुपचूप निघून गेले होते. बेटावर शत्रूचा एक माणूसही उरला नव्हता. पण उतरणाऱ्याच्या मनात शत्रू होता. धुक्यात हलणारी प्रत्येक सावली त्याला जपानी वाटली, आणि सावलीवर गोळ्या सुटल्या. त्या सावल्या त्यांच्याच सोबत्यांच्या होत्या. स्वतःच्या माणसांच्या गोळ्यांनी आणि शत्रूने मागे पेरलेल्या सुरुंगांनी मिळून तिथे वीसच्या वर सैनिक मेले.

ही माणसे अडाणी नव्हती आणि भित्रीही नव्हती. थकवा, थंडी, धुके आणि ‘आता दिसेल, मग दिसेल’ ही वाट पाहणे, यांनी त्यांच्या डोळ्यांना जे हवे ते दाखवले. आपल्याकडे रानडुकरांसाठी माळ्यावर जागणारा राखणदार पहाटे तीन वाजता हाच अनुभव घेतो. एखाद्या झुडपाकडे टक लावून पाहिले की ते हलू लागते. सैनिकाला यावर उपाय शिकवतात, तो तुम्हालाही उपयोगी आहे. अंधारात एखाद्या वस्तूकडे थेट रोखून पाहू नये. नजर किंचित बाजूला ठेवून पाहावे. रात्री अंधुक उजेड टिपणारे डोळ्यातले कण मध्यभागी नसतात, कडेला असतात. आणि एकदा झगझगीत उजेड डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावायला पुन्हा अर्धा तास लागतो. म्हणून राखणीला बसल्यावर घडीघडी मोबाईल उघडू नये.

मग प्रश्न पडतो की एवढ्या भयात माणूस काम करतो तरी कसा? तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधवांची हकीकत पाहा. मराठा पलटणीतले हे शिपाई. इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला. नदी ओलांडणाऱ्यांपैकी बरेच जण पडले. नामदेवांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले. मग एकट्याने परत जाऊन शत्रूची मशिनगनची ठाणी बंद पाडली. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँब वापरले. शेवटी काठावर उघड्यावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत त्यांनी मागच्या तुकड्यांना बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांच्या मनात त्या क्षणी काय होते हे आपण कोण सांगणार? पण लढाईत वावरलेल्या बहुतेकांचे सांगणे एकसारखे असते. हाताला काम असले आणि शेजारी आपला माणूस असला की भीती मागे सरते. ती जात नाही, मागे सरते. नुसते खंदकात बसून तोफगोळे झेलणे हे धावून जाण्यापेक्षा कठीण, कारण तिथे करण्यासारखे काही नसते. गारपिटीत छपराखाली उभे राहून द्राक्षबागेकडे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. लढाई संपते, माणूस घरी येतो, पण त्याच्या अंगाला लढाई संपल्याचे कुणी सांगत नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कित्येक जवान अंगावर जखम नसताना थरथरू लागले. कुणाची वाचा गेली, तर कुणाची दृष्टी. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ साली अशा रुग्णांविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत लिहिले, आणि ‘शेल शॉक’ म्हणजे तोफगोळ्याचा धक्का हा शब्द रूढ झाला. आधी वाटले की स्फोटाने मेंदू हादरतो. पण ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नव्हता तेही आजारी पडले, तेव्हा हा धक्का मनाचाही आहे हे उमगले. तोपर्यंत अन्याय व्हायचा तो होतच होता. त्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेने पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही जण या धक्क्यानेच पार खचलेले होते. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली!

दुसऱ्या महायुद्धातही समज फारशी वाढली नव्हती. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिली बेटावर अमेरिकन सेनापती पॅटन यांनी इस्पितळात पडलेल्या दोन जवानांना भित्रे म्हणून थपडा मारल्या. त्यांतल्या एकाला तर मलेरियाचा ताप होता. वरिष्ठांनी पॅटनना माफी मागायला लावली. या दुखण्याला आज वापरतात ते नाव अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली दिले. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात.

नाव अवघड आहे, पण दुखणे मी लहानपणी घरात पाहिले आहे. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर शकरगड भागात होते. त्या भागात जमिनीत सुरुंग फार पेरलेले होते. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचे, आणि माती ताजी उकरलेली दिसली की तिथे पाय द्यायचा नाही, हे तिथले शिक्षण. तात्या निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. तात्या सापाला भीत नसत, विहिरीत उतरायला भीत नसत. पण नांगरलेल्या रानात त्यांचे पाऊल पडत नसे. बांधावर उभे राहत, घाम फुटे, आणि काही ना काही निमित्त काढून परत फिरत.

विचार करा, शेतकऱ्याच्या घरात नांगरलेल्या मातीसारखे शुभ काय असते? आणि त्याच मातीला त्यांचे अंग ‘थांब’ म्हणत होते. मनाला कळत होते की हे आपले वडिलोपार्जित रान आहे. अंगाला ते पटत नव्हते. गावात कुणी म्हणाले, तात्या आळशी झाले, पेन्शनवर बसून खातात. कुणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. एकाने तर चारचौघांत ‘फौजी मातीला भितो’ अशी थट्टा केली. तात्या त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चावडीकडे जाणे सोडले.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिने एवढेच केले की एका सकाळी ती नांगरटीत पुढे झाली आणि मागे वळून म्हणाली, “मी हाय की म्होरं. टाक पाऊल.” तात्या तिच्या पावलात पाऊल टाकत ढेकळांतून चालले. दहा-बारा पावलेच गेले असतील. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. आजीने ना कुणाला बोलावून दाखवले, ना तात्यांना शहाणपण शिकवले. तिसऱ्या पावसाळ्यात तात्यांनी स्वतः पाभर धरली. मात्र वाटेत कुठे एकटाच ताजा खड्डा बुजवलेला दिसला, तर ते शेवटपर्यंत त्याला वळसा घालूनच जात. घरात त्याची कुणी चर्चा केली नाही.

पुढे मी कृषी शाखेची पदवी घेऊन नोकरीला लागलो. मातीचा सामू, निचरा, पोत असे मी त्यांना सांगत असे, आणि ते ऐकून घेत. एकदा उंदीर निर्मूलनाची मोहीम होती. पद्धत तुम्हाला माहीत आहे. सगळी बिळे बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उकरलेली दिसतील तीच जिवंत समजून त्यांत आमिष ठेवायचे. तात्या माझ्याबरोबर बांधावरून चालत होते. बिळे बुजवण्याआधीच काठीने दाखवत गेले, “हे चालू हाय. हे सोडल्यालं. हे कालच्या रातीचं.” दुसऱ्या दिवशी पाहिले, तर त्यांनी दाखवलेले जवळजवळ सगळे बरोबर निघाले. मी विचारले, “तात्या, हे कसं ओळखता?” तेव्हा ते म्हणाले, “उकरल्याली माती लपत न्हाय. रंग येगळा दिसतो, आन् शेजारचं गवात लगेच मान टाकतं. तिकडं ह्याच्यावर जीव व्हता.”

युद्धाविषयी ते माझ्याशी बोलले ते एवढेच. पण त्या दिवशी मला समजले की ज्या नजरेची गावाने थट्टा केली, त्याच नजरेने त्यांना जिवंत घरी आणले होते. पुढच्या मोहिमांत आजूबाजूच्या वाड्यांतले लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेऊ लागले. चावडीकडे जाणेही पुन्हा सुरू झाले. तात्या २००९ साली गेले.

वाचकहो, तुमच्याही घरात किंवा गल्लीत असा माणूस असेल. तो भिंतीला पाठ लावूनच बसत असेल. दाराची कडी रात्रीतून चारदा पाहत असेल. फटाका वाजला की अंग चोरत असेल, आणि मग त्याचाच राग येऊन पोरांवर ओरडत असेल. झोपेत दचकून उठत असेल. त्याच्या अंगाने एके काळी जे शिकून घेतले, ते अजून विसरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अशा घरांना माझे सांगणे असे. तो झोपेत ओरडला तर अंगाला हात लावून गदागदा हलवू नका, जरा दूर उभे राहून नावाने हाक मारा. दिवाळीत किंवा वरातीत फटाके उडणार असतील तर आधी सांगून ठेवा. अचानकपणा टळला की निम्मा त्रास टळतो. “किती माणसं मारली?” हा प्रश्न पोरासोरांनाही विचारू देऊ नका. तो आपण होऊन बोलला तर मधे न तोडता ऐका. झोप लागावी म्हणून रोज बाटली लागू लागली तर ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण दुखणे आत वाढते.

पहिल्या महायुद्धातल्या डॉक्टरांना एक गोष्ट अनुभवाने कळली होती. असा जवान फार दूर न नेता, वेळ न घालवता, ‘तू बरा होणार’ अशा विश्वासाने सांभाळला, त्याला झोप आणि गरम जेवण दिले, की पुष्कळ जण सावरत. घरालाही हेच लागू आहे. मात्र महिने लोटूनही झोप येत नसेल, माणूस एकटा एकटा राहत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर देवऋषाकडे वेळ घालवू नका. माजी सैनिकांसाठी २००३ पासून आरोग्य योजना आहे, तिच्या दवाखान्यात न्या. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

आणि त्याच्या नजरेला एखादे काम द्या. धरणाच्या पाटाची गस्त असो, रानाची राखण असो, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना धडे देणे असो. रिकाम्या बसलेल्या अंगाला जुना धोका सारखा आठवतो. गावाला आपला उपयोग आहे हे ज्याला रोज दिसते, त्याचे पाऊल रानात हळूहळू का होईना, पडू लागते.